तुम्ही विचारलंत म्हणून: कागदावर फक्त फाउल

"सर, तुम्ही स्वतः सहा फूट दोन इंच. आयुष्यभर बास्केटबॉल खेळलात, तेही सेंटर, म्हणजे संघातल्या सगळ्यात उंच माणसाच्या जागी. मग तुमचा आवडता खेळाडू तो ठेंगणा टी. जे. मॅककॉनेल कसा काय की?"

कोर्टवर येणारी मुलं हे विचारतात. पतसंस्थेतले सहकारी विचारतात. 2025 च्या जूनमध्ये एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, फायनल चालू होती, तेव्हा मी पहाटे साडेपाचला उठून चहा टाकायचो आणि सहाला मोबाइल पुढ्यात घेऊन बसायचो. घरचेही विचारून थकले. दरवेळी मी "कष्टाळू आहे हो तो" एवढंच म्हणून विषय संपवतो. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

मॅककॉनेल ठेंगणा कुठं आहे, हा मुलांचा दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तो बरोबर आहे. मॅककॉनेल सहा फूट एक इंच आहे. बेळगावात हा माणूस खडेबाजारातून चालला तर लोक मान वर करून बघतील. त्याला ठेंगणा कसं म्हणायचं? पण त्याच्या समोर उभे राहतात ते साडेसहा-सात फुटांचे. माप नेहमी शेजारच्या माणसाचं असतं. आमच्या जिल्ह्याच्या संघात मी डोंगर होतो, बंगळूरला गेलो की साधा माणूस व्हायचो.

2015 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, साठ नावं पुकारली गेली, त्यात त्याचं नव्हतं. फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला घेतलं ते त्यानंतर. त्या मोसमात तो संघ 82 पैकी 72 सामने हरला. हरणाऱ्या संघात रोज जीव तोडून पळणं काय असतं, हे खेळलेल्या माणसालाच कळतं. 2019 पासून तो इंडियानाच्या संघात आहे. त्याची खासियत बघायची तर बास्केट झाल्यानंतरचे दोन सेकंद बघा. बाकी सगळे मागे पळतात. समोरचा खेळाडू बेसलाइनबाहेरून, म्हणजे बास्केटमागच्या रेषेबाहेरून, सवयीने, न बघता, आपल्या पॉइंट गार्डकडे, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्याकडे, चेंडू टाकतो. मॅककॉनेलही पाठ वळवून परत निघाल्यासारखा दिसतो आणि पास हातातून सुटतो त्याच क्षणी मध्ये घुसतो. यात ना उंची लागते, ना उडी. समोरचा कधी गाफील होतो ते ओळखावं लागतं, आणि दर वेळी, अगदी दर वेळी, तयार राहावं लागतं. दहा वेळा गेलात तर नऊ वेळा काही मिळत नाही.

3 मार्च 2021 ला क्लीव्हलँडविरुद्ध त्याने पहिल्या अर्ध्यातच नऊ चेंडू पळवले. एका अर्ध्यात एवढे कुणीच पळवले नव्हते. सामना संपला तेव्हा दहा स्टील (पळवलेले चेंडू), तेरा असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने बास्केट केली असे पास), सोळा गुण, आणि इंडियाना तीन गुणांनी जिंकलं. आमच्याकडे तेव्हा 4 तारखेची सकाळ होती. दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ चहा घेताना मी ते तुकडे मोबाइलवर बघितले. तिसरा की चौथा चेंडू त्याने पळवला आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. हे मी आधी बघितलं होतं, आमच्याच कोर्टवर, आठ वर्षांपूर्वी.

2013 चा जुलै. जिल्ह्याच्या मुलांच्या संघाची निवड. पाऊस नुकता थांबलेला, सिमेंटच्या कोर्टवर पाणी साचलेलं, पोरांनीच बारदानं ओढून ते पुसलं. निवड करणारे आम्ही तिघं. बारा जागांपैकी अकरा ठरल्या होत्या. बाराव्या जागेला दोन पोरं उरली. एक पाच फूट अकरा, वय पंधरा, अजून डाव्या हाताने ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत नेणं, येत नव्हतं. दुसरा चौदा वर्षांचा, वडगावचा, वडील पॉवरलूमवर. उंची पाच फुटांना थोडी कमी. बुटांचे तळवे झिजलेले, त्यामुळे ओल्या कोर्टवर घसरायचा आणि हात टेकून पुन्हा उठायचा.

शेवटच्या वीस मिनिटांच्या डावात त्याने उंच पोराला धरलं. धरलं म्हणजे काय, सोडलंच नाही. आठ सेकंदांत चेंडू अर्ध्या कोर्टाच्या पलीकडे न्यावा लागतो. दोनदा त्या पोराला तेवढंही जमलं नाही. आणि तीन वेळा बास्केटनंतर याने पाठ वळवल्यासारखं करून बेसलाइनवरचा पास उचलला. तिसऱ्या वेळी बाहेर बसलेली पोरं ओरडली. मी ओरडलो नाही. मी शेजाऱ्याला म्हणालो, "ही चलाखी शाळेत खपती. पुढं कोण फसतंय?"

डाव संपल्यावर स्कोअरशीट बघितली. ज्यांनी कधी ती भरली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: आमच्या शीटवर गुण लिहितात, फाउल लिहितात, टाइमआउट लिहितात. पळवलेल्या चेंडूला रकाना नाही. रोखलेल्या माणसाला तर नाहीच. अमेरिकेतही 1973-74 च्या मोसमापासून स्टील मोजायला लागले, त्याआधीचे सगळे हवेत विरले. त्या कागदावर या पोराच्या नावापुढे होतं: दोन गुण, चार फाउल. जो जीव तोडून डिफेन्स करतो त्याचं कागदावर फक्त फाउल उरतं.

मी उंच पोराचं नाव लिहिलं. तिघांनी सह्या केल्या. उंची शिकवता येत नाही, ड्रिबल शिकवता येतं, असं आम्ही कोच लोक म्हणतो आणि ते खरं आहे. हे मी आजही मागे घेत नाही.

यादी लागल्यावर तो माझ्याकडे आला. रडत नव्हता. म्हणाला, "सर, किती लागती उंची? पुढच्या वर्षापर्यंत वाढतो की."

मी म्हणालो, "वाढ, मग बघू."

हे वाक्य मी बोललो. चौदा वर्षांच्या पोराला, जणू वाढणं त्याच्या हातात होतं.

आता खरं दुखणं. सीमाभागात कुठलीही यादी लागली की आडनावं मोजली जातात. घेतलेला पोरगा कन्नड घरातला, वगळलेला मराठी. दोन दिवसांत वडगावातून चार माणसं माझ्याकडे आली. "तुम्ही आपले असून आपल्या पोराला कसं काढलंत?" मी भडकलो. म्हणालो, मी आयुष्यात भाषा बघून एक पास दिलेला नाही. माझा पॉइंट गार्ड गोकाकचा होता, सगळा खेळ आम्ही कन्नडमध्ये ओरडून खेळलो. उंची बघितली, भाषा नाही. हे शंभर टक्के खरं होतं, आणि त्या खरेपणाचा मला अभिमान वाटला. ती माणसं खाली मान घालून गेली आणि मी शांत झोपलो. त्यांच्या आरोपात दम नव्हता म्हणून माझ्या निर्णयात दम आहे, असं मी धरून चाललो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. त्यांनी चुकीचा प्रश्न विचारला, त्याचं बरोबर उत्तर मी दिलं, आणि त्या पोराचा प्रश्न तसाच राहिला.

पुढच्या वर्षी तो आला होता. दीड इंच वाढला होता. मला सांगायच्या आधी कुणाकडून तरी मोजून घेऊन आला होता. संघात तेव्हाही बसला नाही. मग यायचा थांबला. आता उद्यमबागेत मशीनवर आहे. बरं चाललंय त्याचं, लग्न झालंय. माझ्यामुळे कुणाचं आयुष्य वाया गेलं असं मी म्हणत नाही, तेवढं मोठेपण मला घ्यायचं नाही. एकदा तिसऱ्या गेटाशी रेल्वे जाईपर्यंत आम्ही शेजारी शेजारी गाडीवर थांबलो होतो. "खेळतोस काय रे?" विचारलं. "कुठलं सर, शिफ्ट असतीय," म्हणाला. गेट उघडलं.

तर तुम्ही विचारता, मॅककॉनेलच का. कारण मला संघात घेतलं तेव्हा मी काहीच केलेलं नव्हतं. अकरावीत वर्गात उभा राहिलो, सरांनी बघितलं, बोट दाखवलं. रिबाउंड, म्हणजे बास्केट हुकून परत आलेले चेंडू, माझ्या हातात यायचे, मी त्यांच्याकडे जात नव्हतो. जे मला फुकट मिळालं ते ज्याला रोज विकत घ्यावं लागतं, त्याचा खेळ मी बघतो. आणि तो बघताना मला तो ओल्या कोर्टवरचा पोरगा दिसतो. 2025 च्या फायनलचा तिसरा सामना, इंडियानापोलिस. बाकावरून उठून आला आणि दहा गुण, पाच असिस्ट, पाच स्टील. सगळं स्टेडियम उभं होतं, घरात मी उभा होतो. सातव्या सामन्यात इंडियानाचा मुख्य खेळाडू हॅलिबर्टन जखमी होऊन गेला तरी मॅककॉनेल सोळा गुण करून लढत राहिला. इंडियाना हरलं. त्या सकाळी मी कामावर उशिरा गेलो.

पण माझ्यातला जुना कोच गप्प बसत नाही. तो विचारतो, मग त्याला 48 पैकी अठराच मिनिटं का देतात? कारण समोरचा संघ त्याला हेरून उंच माणूस त्याच्यावर सोडतो आणि वरून बास्केट करतो. त्याच्या प्रत्येक मिनिटाची किंमत त्याचा कोचही मोजतो. मग बारा पोरांच्या संघात, ज्याला वाढीची खात्री नाही अशा एकाला जागा द्यायची, तर कुणाची काढून? याचं उत्तर माझ्याकडे 2013 ला होतं. आता नाही.

मी एक केलंय. निवडीच्या दिवशी शीटच्या मागे पेन्सिलने रकाने आखतो: पळवले, अडवले, ढकलून बाहेर घालवले. एका मुलाला ते लिहायला बसवतो. मागच्या निवडीत बाराव्या जागेला पुन्हा दोघं उरले, एक उंच, एक नाही. जो उंच नव्हता त्याच्या रकान्यात सात खुणा होत्या. विभागाच्या स्पर्धेत समोर सहा फूट चारचा सेंटर असणार, हे आम्हाला माहीत होतं. मी तो मागचा कागद बाकी दोघांना दाखवला. बराच वेळ बोललो. मग उंच मुलाच्या नावाखाली सही केली.