कालव्याकाठच्या क्रॉसिंगला सिग्नल: पाच लाखांच्या अर्जात काय बसवायचं?

पुण्यात महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय २००६ पासून आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, एका कामाला मर्यादा पाच लाखांची. पदपथ, सायकल ट्रॅक, दिव्यांबरोबर सिग्नलही सुचवता येतो. मुठा उजव्या कालव्याच्या काठाने चालायचा आणि सायकलचा पट्टा जातो. तो एका दुभाजक असलेल्या चारपदरी रस्त्याला जिथे येऊन थडकतो, तिथल्या सिग्नलसाठी आम्ही हीच वाट धरली.

पहिला अर्ज मागे पडला. 'येथे सिग्नलची अत्यंत गरज आहे' एवढंच लिहून खाली सह्या जोडल्या होत्या. सह्यांनी निकष पुरा होत नाही. चौक नसलेल्या ठिकाणी पादचारी सिग्नल द्यायचा की नाही, हे पाहण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हिशेब दिलेला आहे: गर्दीच्या तासात रस्ता ओलांडणारे लोक गुणिले त्याच तासातल्या वाहनसंख्येचा वर्ग (ती संख्या गुणिले तीच संख्या). दुभाजक नसेल तर हा गुणाकार १० कोटींच्या वर हवा, दुभाजक असेल तर २० कोटींच्या वर. ताशी ४०० माणसं आणि ६०० वाहनं धरली तर १४ कोटी ४० लाख होतात, म्हणजे आमच्यासारख्या रस्त्यावर नापास. माणसं तेवढीच ठेवून वाहनं ८०० केली की २५ कोटी ६० लाख, पास.

वाहनांच्या आकड्याचा वर्ग होतो, म्हणून दुचाकी मोजताना झालेली चूक थेट निकाल फिरवते. दोन्ही दिशांना वेगळा माणूस बसवा, दुचाकीसाठी स्वतंत्र रकाना ठेवा, दर पंधरा मिनिटांची बेरीज लिहा. सायकलवाल्यांनाही वेगळा रकाना द्या, नाहीतर ते ना माणसांत धरले जातात ना वाहनांत.

अशा पट्ट्याची खरी अडचण वेळेची असते. चालणाऱ्यांची गर्दी पहाटे सहा ते आठ, वाहनांची नऊ ते अकरा. नुसती पहाट मोजली तर वाहनं कमी भरतात, नुसती ऑफिसची वेळ मोजली तर माणसं. आम्ही सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ असं मोजलं, त्यातले चार गर्दीचे तास निवडले. तरीही एक गोष्ट मोजणीत येतच नाही: रस्ता ओलांडायची भीती वाटते म्हणून कालव्यावरूनच मागे फिरणारे ज्येष्ठ नागरिक. त्यांच्यासाठी त्याच निकषांतलं दुसरं कलम वापरावं, थांबण्याचा काळ अवाजवी लांबत असल्याचं. स्टॉपवॉच घेऊन शंभर माणसांचा थांबण्याचा वेळ नोंदवला की ती बाजू भक्कम होते. मोजणीचा तक्ता आणि नकाशा घेऊन वाहतूक पोलिसांचा अभिप्राय अर्जाआधीच मागावा. तो नसेल तर पुढे सगळं तिथेच अडतं.

आता पैसे. दुभाजक असलेल्या रस्त्याला कमीत कमी चार खांब लागतात, दोन पदपथांवर आणि दोन दुभाजकात. त्यावर वाहनांसाठी चार दिवे, पादचाऱ्यांसाठी चार, ओलांडणाऱ्याने दाबायची चार बटणं, दिवे चालवणारा एक कंट्रोलर, अर्थिंग, महावितरणचा मीटर. लोकांना वाटतं खर्च दिव्यांचा आहे. पण अंदाज फुगतो तो रस्त्याखालून केबल नेण्यात: खोदाई, पाइप, वरचं डांबर पूर्ववत करणं. रस्ता नुकताच झाला असेल आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी (ज्यात रस्त्याचे दोष त्यानेच दुरुस्त करायचे) चालू असेल तर खोदाईची परवानगी मिळणं कठीण. म्हणून पथ विभागाला आधी विचारा की या जागी रस्त्याखाली रिकामा डक्ट, म्हणजे केबल नेण्याची नळी, आहे का. आमच्या जागी होता, त्यामुळे अंदाजातला सर्वांत मोठा आकडा उतरला.

एवढं करूनही सगळं एका अर्जात मावत नाही. एकाच कामाचे तुकडे पाडले तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. मार्ग असा की स्थापत्य आणि विद्युत अशी दोन कामं मागायची, पण प्रत्येक काम स्वतःपुरतं पूर्ण असलं पाहिजे. उंचावलेलं क्रॉसिंग, दोन्हीकडचे उतार आणि दुभाजकातली थांबण्याची जागा हे पहिलं. सिग्नल दुसऱ्या अर्जात. सिग्नल एखादं वर्ष लांबला तरी पहिल्या कामाने वाहनांचा वेग कमी होतो. पैसे कमी पडले की सौर ब्लिंकर सुचवला जातो. तो स्वस्त आहे, रस्ता खोदावा लागत नाही, पण लुकलुकणाऱ्या पिवळ्या दिव्याला आपल्याकडे कोणी थांबत नाही. सिग्नलच्या बदल्यात तो स्वीकारू नये असं माझं ठाम मत आहे.

दुभाजकातल्या थांबण्याच्या जागेची खोली, म्हणजे रस्ता ओलांडण्याच्या दिशेने मोजलेलं अंतर, दोन मीटरपेक्षा कमी ठेवू देऊ नका. सायकलची लांबी साधारण पावणेदोन मीटर असते. जागा दीड मीटर असेल तर एक चाक गाड्यांच्या लेनमध्ये येतं. बोलार्डमध्ये (वाहनं अडवणाऱ्या बुटक्या खांबांमध्ये) १.२ मीटर अंतर व्हीलचेअरसाठी लागतं, आणि त्यातून मोटारसायकलही जाते. अंतर कमी करून दुचाकी अडवायचा मोह होतो, पण त्यात आधी व्हीलचेअर अडते. त्याऐवजी दुभाजकातली वाट तिरकी ठेवावी, म्हणजे कोणी सरळ घुसत नाही आणि चालणाऱ्याचं तोंड येणाऱ्या गाड्यांकडे होतं.

वेळेचा आकडाही अर्जात लिहा. एका बाजूची रुंदी नऊ मीटर असेल तर सेकंदाला १.२ मीटरच्या हिशेबाने साडेसात सेकंद पुरतात, पण म्हाताऱ्या माणसाचा वेग ०.९ धरला तर दहा लागतात. आम्ही दहा मागितले, आणि बटण दाबल्यापासून ४० सेकंदांच्या आत हिरवा. त्याहून जास्त थांबवलं तर लोक लालमध्येच निघतात.

अंदाजपत्रकाच्या यादीत नाव आलं म्हणजे काम झालं असं नाही. एप्रिलपासून खरं तर दोनच महिने हातात असतात, मग पावसाळ्यात खोदाई बंद. निवडणूक लागली तर आचारसंहितेत कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश, निघत नाही. ऑक्टोबरपर्यंत निविदा निघाली नाही तर ती रक्कम वर्गीकरणाने (एका कामाचे पैसे दुसऱ्याला देण्याच्या ठरावाने) दुसऱ्या कामाकडे वळू शकते, नाहीतर ३१ मार्चला संपते. म्हणून एप्रिलमध्येच एस्टिमेट कोणत्या कनिष्ठ अभियंत्याकडे आहे ते विचारून ठेवा आणि दर महिन्याला लेखी विचारत राहा: एस्टिमेट, निविदा, कार्यादेश, मीटर. मीटरसाठी महावितरणने कळवलेली रक्कम (कोटेशन) भरायची राहून गेली की खांब उभे असतात आणि दिवे बंद.

निविदेच्या अटींत देखभालीचा कालावधी आणि बटण बदलून देण्याची मुदत आहे का, हे कार्यादेशाआधी पाहून घ्या. सर्वांत आधी बिघडतं ते बटण: पावसाचं पाणी आत शिरतं आणि ते दाबलेलंच राहतं. मग माणूस नसतानाही सिग्नल लाल होतो, चालकांच्या तक्रारी सुरू होतात आणि सिग्नल बंद ठेवला जातो. वर छोटं छत आणि जलरोधक पेटी एवढं एस्टिमेटमध्ये आधीच घालून घ्यावं.