पहाटे पाचची मोटर

कोपरखैरण्यात सिडकोने बांधलेल्या बैठ्या घरांच्या एका ओळीत आम्ही राहायला आलो, त्याला आता अकरा वर्षे झाली. मूळचे एक खोली आणि स्वयंपाकघर एवढेच असलेले हे घर आधीच्या मालकांनी वर चढवून घेतले होते, शेजारच्या काकांनीही तेच केले होते. मात्र दोन्ही घरांच्या मधली भिंत सामाईकच राहिली. घर घेण्यापूर्वी आम्ही नळाला पाणी किती वाजता येते आणि पावसात गल्ली तुंबते का, याची कसून चौकशी केली होती. मधली भिंत किती इंची आहे हे विचारण्याचे मात्र कोणालाही सुचले नाही.

पाणी पहाटे पाचला येते. ते आधी जमिनीखालच्या टाकीत उतरते आणि तेथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. काकांची मोटर त्यांच्या मागच्या मोरीत, आणि तिचा उभा पाइप सामाईक भिंतीच्या अंगाने वर गेलेला. भिंतीच्या अलीकडे, नेमक्या त्याच जागी, आमच्या पलंगाचे डोके येते. मोटर सुरू झाली की खणखणाट वगैरे होत नसे. एक जाड, संथ घुमणे भिंतीतून उशीत उतरत असे. भिंतीत ठोकलेल्या फळीवर मी रात्री पाण्याचा पेला ठेवतो, त्यातल्या पाण्यावर त्या वीस मिनिटांत बारीक बारीक वर्तुळे उठताना मी स्वतः पाहिली आहेत. शेवटी मोटर बंद होताना एक ‘धाड्’ असा आवाज येई आणि उरलीसुरली झोपही उडे.

यावर मी केलेला पहिला उपाय सांगायला आज लाज वाटते. ध्वनिरोधक म्हणून विकले जाणारे फोमचे टोकदार चौकोन मी विकत आणले आणि पलंगामागची भिंत त्यांनी मढवली. खर्च साडेसहा हजार, परिणाम शून्य. असा फोम खोलीतला आवाज भिंतीवर आपटून परत फिरतो तो शोषतो, म्हणजे घुमारा कमी करतो. पलीकडून येणारा आवाज अडवण्याइतके वजन त्याच्यात नसते. आवाज अडतो तो वजनाने. अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत साधारण 45 डेसिबल आवाज खाली आणते आणि नऊ इंची भिंत साधारण 50; जाडी दुप्पट करून पदरात पडतात ते जेमतेम पाच. शिवाय हा हिशेब हवेतून येणाऱ्या आवाजाचा, म्हणजे बोलण्याचा आणि टीव्हीचा. मोटर, मिक्सर, खुर्ची सरकवणे किंवा ड्रिल यांचा हादरा थेट बांधकामात शिरतो आणि पलीकडची अख्खी भिंत ढोलाच्या पानासारखी हलवतो. त्याला माझ्या बाजूने काय चिकटवले आहे याची फिकीर नसते.

मग मी कायद्याकडे वळलो. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. निवासी क्षेत्रासाठी त्यांत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी पातळी दिली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. पहाटेचे पाच रात्रीतच मोडतात, हे वाचून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मोबाइलवर ॲप उतरवून पहाटे उशीशेजारी मोजले, तर आकडा 38. मोबाइलची मोजणी कच्चीच असते, तरी त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हे आकडे माणसाच्या कानाच्या कलाने मोजले जातात आणि कानाला खर्जातला आवाज कमी ऐकू येतो, म्हणून मापनातही तो कापला जातो. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे मोटरचे घुमणे 100 हर्ट्झच्या आसपास असते आणि तेथे सुमारे 19 डेसिबलची वजावट होते. रात्री दहानंतर वाजणाऱ्या डीजेसाठी हे नियम उपयोगी आहेत आणि तेव्हा 112 ला फोन करण्यात मी कधी संकोच केलेला नाही. पण मोरीतल्या अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरसाठी पोलिसांना काय सांगणार?

खरे म्हणजे काकांशी बोलणे हाच पहिला उपाय असायला हवा होता. तो मी दोन वर्षे टाळला. एका रविवारी अखेर गेलो, मनात तक्रारीची वाक्ये घोटून. काकांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाले, “अहो, आम्ही पुढच्या खोलीत झोपतो. मोटर लागलेली आम्हाला कळतसुद्धा नाही, टाकी भरून वाहायला लागली की कळते.” काकू चहा ठेवायला उठल्या, आणि आम्ही दोघे मोरीत जाऊन उकिडवे बसलो.

मोटर भिंतीत रोवलेल्या कडप्प्यावर नट-बोल्टने घट्ट आवळलेली होती, आणि पाइपाला चार लोखंडी क्लॅम्प, चारही सामाईक भिंतीत. काकांनी कडप्प्यावर तळहात ठेवला, मोटर चालू केली, आणि काही न बोलता माझा हात धरून तेथे ठेवला. पुढच्या आठवड्यात प्लंबरने मोटर जमिनीवर घेतली, तिच्याखाली जाड रबराचा तुकडा आणि बोल्टला रबरी वायसर घातले, मोटर आणि पाइप यांच्यामध्ये फूटभर लवचिक नळी जोडली, आणि क्लॅम्पच्या आत सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली. खर्च फोमच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही आला नाही, आणि तो आम्ही निम्मा निम्मा वाटून घेतला. आता पेल्यातले पाणी हलत नाही.

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये एक मित्र राहतो, त्याला हे सगळे सांगितले तर तो हसला. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात आखलेल्या त्या वसाहतीत एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक ठेवलेली नव्हती. छोटे प्लॉट, सात-सात घरांमध्ये एक अंगण, आणि प्रत्येक घर सुटे. कुटुंब वाढेल तसे शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावे, हा त्यामागचा विचार. आमच्याकडे वाढीव मजल्याचे बीम सामाईक भिंतीवर टेकवले गेले, त्यामुळे वरच्या मजल्यावरची खुर्चीसुद्धा खालपर्यंत बोलते.

तक्रार एकाच बाजूची असते असे मी तोवर धरून चाललो होतो. मोटरचे काम झाल्यावर काकू आमच्याकडे आल्या आणि जाताना सहज म्हणाल्या, “तुमच्याकडे रात्री साडेदहाला रोज काय कुटता हो?” आमचा ओटा त्याच भिंतीत बसवलेला आहे आणि सकाळच्या डब्यासाठी दाण्याचा कूट मीच खलबत्त्यात रात्री करून ठेवतो. गेली अकरा वर्षे! आता खलबत्त्याखाली चौपदरी घडी केलेले पोते असते, आणि कूट संध्याकाळी होतो.

राहता राहिला तो ‘धाड्’. मोटर थांबली की पाइपातले पाणी मागे येते आणि त्याला अडवणारा व्हॉल्व्ह जोरात मिटतो, त्याचा तो आवाज. तो बदलून स्प्रिंगचा घालावा, असे प्लंबर म्हणतो. सध्या त्याला वेळ नाही, गणपतीनंतर येतो म्हणाला आहे.