लेबलावरची इयत्ता

१६ जून, रात्री साडेदहा

सहा वह्या घेतल्या, २०० पानी. दुकानदारकाकांनी वर लेबलांचा कागद ठेवला आणि विचारलं, "कितवीला गं यंदा?" माझ्या तोंडून "नववी" निघून गेलं. शाळा कालच उघडल्यात, महाद्वार रोडवर छत्र्यांतून वाट काढावी लागत होती, मागचे लोक घाई करत होते. सगळं खरं. पण नववी खोटं.

घरी येऊन लेबलं चिकटवली. नाव, विषय, इयत्ता, तुकडी, शाळा. वरच्या दोन ओळी भरल्या आणि पेन थांबलं. सहाही वह्यांवर तिथंच थांबलं. आठ वर्षं या ओळी गप्पा मारत भरल्या, कधी त्यांच्याकडे नीट बघितलंही नाही.

शाळा का सोडली ते आज परत लिहीत नाही. दाखल्यावर कारणाच्या रकान्यात "पालकांच्या विनंतीवरून" एवढंच आहे. वर्तणूक "चांगली". तो शब्द मी किती वेळा वाचला असेन. असो. दाखला हातात पडला की ऑफिसातून हलायच्या आधी नावाचा क्रम आणि जन्मतारीख आधारकार्डाशी ताडून बघायची, हे पप्पांनी केलं ते बरं झालं. माझ्या नावात एक वेलांटी चुकली होती. नाव एकदा शाळेच्या पटावरून निघालं की असली दुरुस्ती फार जड जाते, आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तीच चूक उतरते.

आता घरीच अभ्यास करून एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून, परीक्षा देणार आहे. तिथं नववी नसतेच. वय १४ पूर्ण झालं की थेट माध्यमिकला नाव घालता येतं, ती परीक्षा दहावीच्या बरोबरीची. कमीत कमी पाच विषय, त्यात एक तरी भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते, तेवढ्यात नऊ संधी मिळतात आणि पास झालेला विषय परत द्यावा लागत नाही. कुणी दहा मिनिटं ऐकून घेणार असेल तर मी हे सगळं सांगू शकते. "कितवीला?" म्हणणाऱ्याला मात्र एकच शब्द हवा असतो.

बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरला असता तर खुशाल "दहावी" म्हणता आलं असतं. राज्य मंडळाची तीच प्रश्नपत्रिका, तोंडी आणि प्रात्यक्षिक नेमून दिलेल्या शाळेत. पण त्यात सगळे विषय एकदम, आणि आठवीवरून उडी मारायची म्हणजे नववीचं गणित, विज्ञान मधल्या मध्ये राहून जाणार. विचार करून ठरवलंय, तरी दुकानात ते आठवलं नाही.

मे महिन्यात शाळेसारखं वेळापत्रक करून बघितलं, ३५ मिनिटांचे आठ तास. चार दिवसांत मोडलं. वह्या काढता-ठेवताना पाच-सात मिनिटं जातात, आणि गणितात एक उदाहरण अडलं की तो तास तिथंच संपतो. आता दिवसाला दोनच विषय, दीड-दीड तास, मध्ये अर्धा तास मोकळा. पुस्तकात धड्याच्या मध्ये मध्ये पाठगत प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं त्याच धड्याच्या शेवटी. घात तिथंच होतो. नजर एकदा उत्तरावर गेली की आपल्याला येतंय असंच वाटतं. म्हणून शेवटच्या पानांना कपड्यांचा चिमटा लावते. पुस्तक मिटून लिहायचं, मग चिमटा काढायचा. चुकलेला प्रश्न तारीख घालून वेगळ्या वहीत, आणि सात दिवसांनी तोच प्रश्न परत, उत्तर न बघता.

प्रत्येक विषयाच्या टीएमएला, म्हणजे घरी लिहून तपासायला पाठवायच्या स्वाध्यायाला, लेखीतले २० टक्के गुण आहेत. तो हातानं लिहून स्कॅन करायचा. शाईपेनानं लिहिलं की मागचं पुढं दिसतं, म्हणून निळं बॉलपेन आणि कागदाची एकच बाजू. ट्यूबलाइटखाली फोन धरला की हाताची सावली पानावर पडते, सकाळी खिडकीपाशी पडत नाही. पहिल्या पानावर १२ आकडी नावनोंदणी क्रमांक, विषय आणि कोड. प्रात्यक्षिक असलेल्या विषयात लेखीला आणि प्रात्यक्षिकाला वेगवेगळे ३३ टक्के लागतात, त्यामुळे विज्ञानासाठी अभ्यासकेंद्रावरचे वर्ग बुडवून चालणार नाही. लिटमस घरी आणता येईल, बाकीचं कुठून आणू?

तिकडं जायची भीती वाटते. तिथंही कुणीतरी विचारणारच.

जेवताना आजी म्हणाली, शाहू महाराजांनी पोराला शाळेत न धाडणाऱ्याला महिन्याला रुपया दंड ठेवला होता. १९१७ चा कायदा. ती मला बोलत नव्हती, तिला सहज आठवलं. पण माझा घास तिथंच अडला. ज्या गावात शाळेसाठी दंड होता तिथं मी दाखला काढून घरी बसले. नंतर भांडी पुसताना वाटलं, महाराजांना पोरं अडाणी राहायला नको होती. आज सकाळी मी दीड तास एका समीकरणाशी झगडले आणि शेवटी ते सुटलं. त्याचा दंड कुणी घेईल असं वाटत नाही.

मघाशी नोंदणीचा कागद काढून बघितला. "अभ्यासक्रम: माध्यमिक". खाली विषय आणि कोड. मराठी २०४, इंग्रजी २०२, गणित २११, विज्ञान २१२, चित्रकला २२५. (चित्रकलेत प्रात्यक्षिकाला जास्त गुण आहेत, आणि कोल्हापुरात राहून ती सोडणं मला जमलं नाही.) एप्रिलला मराठी, इंग्रजी, चित्रकला; ऑक्टोबरला गणित, विज्ञान. आता कुणी विचारलं तर हेच सांगेन, दहावीचे तीन विषय एप्रिलला आणि दोन ऑक्टोबरला. लांब आहे, पण काकांना कळलं असतं. त्यांनी वाईट हेतूनं विचारलंच नव्हतं. मला वाटतं, ते फक्त लेबलं किती लागतील ते बघत होते.

पाच वह्यांवर इयत्तेच्या जागी माध्यमिक लिहिलं. तुकडीच्या जागी कोड. शाळेच्या ओळीवर घरचा पत्ता लिहायला घेतला, मग राहू दिला. सहाव्या वहीवर विषय: चुका. पहिल्या पानावर आजचा एकच प्रश्न आहे, पुढं २३ जून लिहून ठेवलंय.