ओळखतात ना तुम्हाला?

यांच्या डोक्याला मार लागल्यापासून नागपुरात बर्डीवर, लग्नात, भिशीत कोणीही भेटलं की हेच विचारतं, "भाऊजी ओळखतात ना तुम्हाला?"

ओळखतात. मला, मुलीला, इतवारीतल्या किराणावाल्यालाही, त्याच्या उधारीसकट. चेहरा कोणाचा ते कळतं. त्या चेहऱ्यावर राग आहे की भीती, ते कळत नाही. मेंदूत ही दोन कामं बरीचशी वेगवेगळ्या वाटांनी चालतात, त्यामुळे एक बिघडलं तरी दुसरं शाबूत राहू शकतं.

वर्धा रोडवर गाडी घसरली. हेल्मेट घरी खुंटीला. अशा धक्क्यात मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडांवर घासतो, आणि समोरच्याचा भाव ओळखायला नेमके तेच भाग लागतात. मेंदूला मध्यम ते गंभीर इजा झालेल्यांपैकी 39 टक्क्यांपर्यंत लोकांना हा त्रास असू शकतो, असा अंदाज 2011 सालच्या एका आढाव्यात आहे. हसू बहुतेकांना कळतं. राग, भीती, दुःख अवघड.

माझी आई गेली तेव्हा मी रडत बसले होते आणि हे शांतपणे विचारत होते, "जेवायला काय आहे?" काकू म्हणाल्या, "बाप्पा, पार दगडच झाला हा माणूस!" काकूंचा मला आजही राग येतो. "मला फार वाईट वाटतंय," असं मी तोंडाने सांगितलं, तेव्हा हे लगेच उठून जवळ आले होते. माया गेली नव्हती, तिला हाक पोचत नव्हती.

अमेरिकेत एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एक बाई आहेत. दुर्मीळ आजाराने त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीतीसारख्या भावना हाताळणारा छोटासा भाग, दोन्ही बाजूंनी निकामी झाला. त्यांना चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नाही, हे 1994 साली नोंदलं गेलं. पुढे 2005 मध्ये कारण उमगलं: त्या समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नव्हत्या. बघायला सांगितलं की भीती ओळखायच्या. सांगणं थांबलं की पुन्हा तेच.

आमच्याकडे सांगायचं काम मुलीचं. "बाबा, डोळे!" मग हे असे टक लावून बघतात की कॉटन मार्केटात एक भाजीवाली चिडली, "काऊन पाहून राहिले भाऊ?" ती चिडली, हे मात्र आवाजावरून बरोबर कळलं.

तर भेटायला जरूर या. फक्त रुसलात तर नुसतं तोंड फुगवून बसू नका, बोलून दाखवा.