तुम्ही विचारलंत म्हणून: जाम इंजिनाला टोचन का लावायचं नाही

दाराशी जुना ट्रॅक्टर उभा असलेला माणूस भेटला की एक प्रश्न हमखास येतो. "इंजिन जाम झालंय. दुसऱ्या ट्रॅक्टरला टोचन लावून, वरच्या गिअरमध्ये टाकून ओढला तर सुटेल ना?"

सुटेलही कधीकधी. पण काय मोडून सुटलं, ते ओढणाऱ्याला समजत नाही. शेतातल्या भुसभुशीत मातीत मागची चाकं नुसती फरफटत जातील आणि तुम्ही वाचाल. डांबरी रस्त्यावर चाकांनी पकड घेतली, की ओढणाऱ्याचा सगळा जोर गिअरबॉक्स, क्लच, क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) असा फिरून त्या एका अडकलेल्या पिस्टनवर येतो. मग पिस्टनभोवतीची रिंग तुटते, लाईनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवर, चरे पडतात. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असेल तर विचारूच नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वाकतो तो पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड.

म्हणून मी आधी उलट विचारतो: बंद पडला कसा? चालता चालता थांबला, की उभ्या उभ्या जाम झाला?

चालता चालता, म्हणजे पाणी संपून तापला किंवा ऑइलचं प्रेशर गेलं आणि नांगरटीत जागच्या जागी थांबला, तर तेल ओतत बसण्यात अर्थ नाही. पिस्टनचं अॅल्युमिनियम लाईनरला चिकटलेलं असतं, नाहीतर बेअरिंगने क्रँकला धरलेलं असतं. ते इंजिन खोलायचंच आहे. पण माझ्याकडे येणाऱ्यांतले बहुतेक दुसऱ्या जातीचे. वडील गेले, मुलगा पुण्याला, ट्रॅक्टर गोठ्यामागे, आणि सायलेन्सरचं तोंड आभाळाकडे उघडं.

मॅसीचा १०३५ आपल्याकडे खूप दिसतो, म्हणून तोच घेऊ. चेन्नईच्या टॅफे कंपनीने १९६०च्या दशकापासून मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर इथे बनवले. त्यातला हा तीन सिलिंडरचा. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत अर्ध्या फेरीहून थोडा जास्त वेळ उघडा असतो. तीन सिलिंडरचा हिशेब घातला तर इंजिन कुठेही थांबलं तरी कोणता ना कोणता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बहुधा उघडा सापडतो. उभ्या पाइपातून उतरलेलं पावसाचं पाणी नेमकं त्याच सिलिंडरमध्ये जातं. म्हणून पुष्कळदा एकच सिलिंडर गंजलेला असतो आणि बाकीचे दोन चांगले. सगळं इंजिन गेलं असं समजून लोक भंगाराच्या भावात गाडी देऊन टाकतात, याचं मला वाईट वाटतं.

आणि त्यात पिस्टन गंजत नाही, तो अॅल्युमिनियमचा. गंजतात त्या बिडाच्या रिंगा आणि बिडाचाच लाईनर. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, आणि रिंग तर आधीच लाईनरला टेकलेली. म्हणजे पाचर आतल्या आत ठोकली गेलेली असते. ही पाचर ढिली करायला पातळ तेल आणि दिवस लागतात.

त्याआधी खरंच जाम आहे का, ते बघा. सेल्फचा (स्टार्टरचा) दातेरी भाग फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकमागच्या जड चाकाच्या, रिंगमध्ये अडकला तरी इंजिन हलत नाही. सेल्फ काढून ठेवा, मग क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या पुलीच्या नटाला पाना लावा. अर्धा दिवस गॅरेजात घालवून शेवटी सेल्फच दोषी निघालेला मी पाहिला आहे. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा बोल्ट थोडासा ढिला करा. पाणी ऑइलखाली बसतं, त्यामुळे असेल तर आधी पाणीच येईल. रेडिएटरची पातळीही बघून ठेवा, म्हणजे पाणी वरून पावसाचं आलं की आतून गॅस्किटमधून, याचा अंदाज येतो.

डिझेल फवारणारे नोझल काढून त्या भोकांतून आत तेल सोडायचं. कोणतं, यावर गावोगाव वाद आहेत. पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल आणि अॅसिटोन निम्मं निम्मं, हे मला पटतं. पण अॅसिटोन भडकतं, बिडी पेटवणाऱ्याला लांब बसवा. नुसतं डिझेल आणि थोडं ऑइल यानेही काम होतं, वेळ जास्त जातो. कोल्ड्रिंक ओतणारे भेटतात. आत साखरेचा चिकटा करून ठेवायचा असेल तर खुशाल ओता. कॉस्टिक मात्र चुकूनही नको, ते पिस्टनच खाईल. आठवडाभर रोज थोडं थोडं घालत राहायचं. पातळी खाली जाताना दिसली तर समजायचं, रिंगांच्या कडेने वाट मिळाली.

या आठवड्यात इंजिनावरचं टॅपेट कव्हर उघडून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचे बोल्ट ढिले करून ठेवा. एखादा व्हॉल्व्ह त्याच्या गाईडमध्ये (नळीत) गंजून बसलेला असतो. क्रँक फिरवलात तर त्याच्या रॉकरला ढकलणारा पुशरॉड वाकेल, नाहीतर वर येणारा पिस्टन त्याला धडकेल.

मग फिरवायचं. इथे माणसाचा धीर सुटतो. पुढे केसभर सरकलं की लोक आनंदाने आणखी जोर लावतात. तसं नाही करायचं. केसभर पुढे, केसभर मागे, पुन्हा तेल. रिंगेच्या वर गंजाचा कठडा साचलेला असतो. रिंग त्यात चढली की पुन्हा अडकते, आणि आता तुटते. नोझलच्या भोकांवर वाकून बघत उभे राहू नका. पिस्टन एकदम सुटला तर तेलाची चिळकांडी सरळ डोळ्यात.

आठ-दहा दिवसांत हललंच नाही तर हेड उतरवा. मला स्वतःला हेड उतरवणंच बरं वाटतं, कारण मग अंदाज बांधावे लागत नाहीत, गंजलेला सिलिंडर समोर दिसतो. लाईनरचा उघडा भाग पॉलिश पेपरने साफ करायचा, लेथवाल्याकडून पिस्टनच्या मापाचा बाभळीचा ठोकळा करून आणायचा आणि त्यावर हातोडा. लोखंडी सळई थेट पिस्टनवर ठेवणाऱ्याचा हात धरावा. पिस्टन मधल्या उंचीवर अडकलेला असेल तरच ठोकण्याचा उपयोग. तो अगदी वरच्या टोकाला असेल तर तुमचा प्रत्येक घाव सरळ क्रँकच्या बेअरिंगवर जातो, क्रँक फिरत नाही. तिथे पुलीचा पानाच कामाचा. एवढं करून नाही सुटला तर चेंबर खोलून मोकळ्या पिस्टनचे कनेक्टिंग रॉड क्रँकपासून सोडवा, म्हणजे भांडण एकट्या त्या पिस्टनशी राहतं.

सुटलं की आत बघा. लाईनरवर नख फिरवा. डाग असले तरी नख अडकत नसेल तर घासायचा दगड फिरवून, नव्या रिंगा घालून चालेल. नख खड्ड्यात अडकलं तर लाईनर बदलायचा. १०३५ चे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. झेटर किंवा बेलारूस कंपनीचा जुना ट्रॅक्टर असेल तर खोलण्याआधी भागांची चौकशी करा, नाहीतर इंजिन पोत्यात आणि ट्रॅक्टर विटांवर अशी अवस्था होते.

ऑइल आणि फिल्टर नवे, डिझेलची टाकी धुतलेली, पंप-नोझल त्यांच्या माणसाकडून तपासलेले. पंपाची रॅक (डिझेल कमीजास्त करणारी दांडी) गंजून पूर्ण डिझेलवर अडकलेली असेल तर इंजिन चालू होताच सुसाट सुटतं. ओतलेलं तेल सिलिंडरमध्ये राहिलं तरी ते इंधनासारखं जळतं आणि स्टॉप, म्हणजे डिझेल तोडायचा खटका, ओढूनही इंजिन थांबत नाही. म्हणून आधी नोझल काढलेले असतानाच सेल्फ मारून सगळं तेल बाहेर उडवा. नंतर स्टॉप ओढून सेल्फ मारत ऑइलचं प्रेशर येऊ द्या, मग डिझेलची हवा काढा. पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाइप सोडून ठेवा आणि एका माणसाला फळी घेऊन तिथे उभा करा: आवाज चढत गेला की हवेचं तोंड बंद. हात नाही लावायचा, फळीच.

धूर भरपूर येईल, आधी पांढरा, मग निळा. इंजिन पुरतं तापल्यावरही निळा हटत नसेल तर रिंगा धरत नाहीयेत, आणि हाफ इंजिनच्या, म्हणजे पिस्टन-रिंगा-लाईनरच्या, कामाचे पैसे बाजूला काढायला लागा. हटला, तर ऑइल गरम असतानाच काढून नवं भरा, आणि पहिले काही दिवस रिकामी ट्रॉली ओढू द्या. रोटाव्हेटर लावायची घाई नको.