पहाटेची रांग आणि पंधरा दिवसांचा स्प्रिंट

दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या पुण्यातल्या एका टीममध्ये मी प्रॉडक्ट ओनर आहे, म्हणजे काय बांधायचं आणि आधी काय, हे ठरवायचं काम माझं. आम्ही सात जण: चार डेव्हलपर, एक टेस्टर, एक डिझायनर आणि मी. डिझाइन थिंकिंग (आधी वापरणारा माणूस समजून घेऊन मग उपाय शोधणं) आणि अजाइल (थोडं थोडं बांधून, दाखवून, सुधारत जाणं) या दोन्ही गोष्टी एकाच टीमच्या रोजच्या कामात बसवायला आम्हाला जवळपास वर्ष लागलं. त्या वर्षाची ही हकिकत. अशाच धडपडीत असलेल्या कुणाला तरी तिचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा.

आम्हाला दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांसाठी मोबाईल ॲप करायचं होतं. सुरुवातीला दोन दिवसांची कार्यशाळा झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूल या डिझाइन संस्थेमुळे सगळीकडे पोहोचलेल्या पाच पायऱ्या भिंतीवर लावल्या होत्या: माणूस समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, कल्पना काढा, नमुना करा, तपासा. रंगीत चिठ्ठ्यांनी भिंत भरून गेली. पण त्या खोलीत दूध घालणारं कुणीच नव्हतं. पहिली पायरी आम्ही अंदाजाने उरकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिठ्ठ्यांचे फोटो काढले, त्यावरून स्टोऱ्या, म्हणजे वापरणाऱ्याला काय हवं याच्या छोट्या नोंदी, लिहिल्या आणि सोमवारी पहिला स्प्रिंट, म्हणजे कामाचा पंधरवड्याचा टप्पा, सुरू झाला.

त्यानंतरचे तीन महिने काम फार शिस्तीत चाललं. रोजचा स्टँडअप (उभ्याउभ्याची छोटी बैठक), दर पंधरवड्याला डेमो, ठरवलेले पॉइंट (काम किती मोठं याचे अंदाजी आकडे) पूर्ण. ॲपमध्ये महिन्याचा फॅटचा आलेख होता, दहा-दहा दिवसांची बिलं होती, हवामानसुद्धा होतं. ॲप बाहेर पडलं आणि ते जवळजवळ कुणीच उघडेना. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्डला, सतरा जणांनी मिळून अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्याच्या तत्त्वांमध्ये म्हटलं आहे की चालतं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य मोजमाप. आमचं सॉफ्टवेअर चालत होतं, एकही मोठी चूक नव्हती. म्हणूनच तीन महिने आमच्यापैकी कुणालाही शंका आली नाही.

मग डिझायनरने हट्ट धरला, आणि पहाटे साडेतीनला पुण्यातून निघून आम्ही चौघे फलटण तालुक्यातल्या एका केंद्रावर गेलो. दोन डेव्हलपर बरोबर होते. सहाच्या आधीच रांग लागलेली. किटली पुढे यायची, दूध मोजलं जायचं, नमुना मशीनला लागायचा. फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांचे) आकडे आले की दर ठरायचा, चिठ्ठी निघायची आणि पुढची किटली सरकायची. एका माणसाच्या वाट्याला मिनिटभरसुद्धा येत नव्हतं. केंद्र सांभाळणाऱ्या सचिवांचे हात सतत ओले होते आणि ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, म्हणून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कीबोर्ड जोडला होता. सभासदांचे नंबर ते न बघता टाकत होते. केंद्रासाठी केलेल्या आमच्या नव्या स्क्रीनवर मात्र दोन ठिकाणी बोट लावल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं.

रांगेत बायका जास्त होत्या. एका मावशींना मी विचारलं, मोबाईलवर मेसेज येतो का? त्या म्हणाल्या, "येतो की, पर माझ्या मोबाईलवर न्हाई. नंबर पोराचा दिलाय. त्यो पुण्यात असतो." धारा काढणाऱ्या त्या, केंद्रावर येणाऱ्याही त्याच, आणि आमचं ॲप मात्र दूर पुण्यात राहणाऱ्या मुलाच्या खिशात.

त्यांना काय हवं होतं, तेही तिथेच कळलं. गाईच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो. आकडा त्याखाली उतरला की पैसे कापले जातात. आज फॅट कमी लागलं असेल, तर विचारायची वेळ एकच असते: नमुना अजून मशीनपाशी आहे, पुन्हा लावून बघता येतोय, तोवरच. महिन्याअखेरच्या आलेखाचं त्यांनी काय करायचं? दूध तर केव्हाच टँकरमधून गेलेलं असतं.

परतताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. आमच्यातला सगळ्यात अबोल डेव्हलपर शेवटी म्हणाला, "आपण तीन महिने भलत्याच माणसासाठी काम केलं." ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण स्टोऱ्या मी लिहिल्या होत्या.

आता हे पाहणं कामात बसवायचं कसं? महिनाभर स्प्रिंट थांबवून नुसता अभ्यास करू, असं मी सुचवलं. त्याला परवानगी मिळाली नाही, आणि आज वाटतं की ते बरंच झालं. मग डिझायनरने एकटीने एक स्प्रिंट पुढे चालायचं ठरवलं. ती केंद्रांवर जायची, चित्रं करून आणायची, आणि पुढच्या पंधरवड्यात बाकीचे ते बांधायचे. तीन स्प्रिंट असं चाललं आणि ती थकून गेली. डेव्हलपर प्रत्येक चित्राला "हे असंच का?" विचारायचे. उत्तर तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांनी पाहिलं नव्हतं. जुन्या टप्प्याटप्प्याच्या पद्धतीचीच ही छोटी आवृत्ती झाली होती.

एक स्प्रिंट पुढे राहण्याची ही कल्पना नवी नाही. टोरोंटोत काम करणाऱ्या डेझिरे साय यांनी २००७ मध्ये ती मांडली: शोधाचा आणि बांधणीचा असे दोन समांतर रुळ. आम्ही रुळ दोन केले, पण गाड्याही दोन केल्या. माझ्या मते बहुतेक टीम इथेच अडकतात. रुळ दोन असले तरी त्यांवरून चालणारी माणसं तीच असायला हवीत.

तेव्हापासून दर स्प्रिंटला एक पहाट राखून ठेवली. टीममधले दोघे जातात, त्यांपैकी एक डेव्हलपर किंवा टेस्टर असलाच पाहिजे, आणि पाळी सगळ्यांवर येते. पहिला अर्धा तास नुसतं बघायचं, आपलं काही दाखवायचं नाही. त्याच दिवशी पाहिलेलं सगळ्यांना सांगायचं. बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, शोधाची कार्डं वेगळी. त्यांना पॉइंट नसतात. कार्डावर एक प्रश्न असतो आणि उत्तर असं आलं तर काय करणार, तसं आलं तर काय करणार, हे आधीच लिहिलेलं असतं. हे लिहिणं सगळ्यात अवघड गेलं. उत्तर काहीही आलं तरी आपण तेच करणार असू, तर तो प्रश्न विचारायचाच कशाला?

पॉइंट अर्थातच घटले. वरिष्ठांनी कारण विचारलं. मी त्यांना ॲपच्या वापराचे आकडे दाखवले आणि त्याशेजारी त्या तीन महिन्यांचे भरघोस पॉइंट ठेवले. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि मग दोन स्प्रिंटची मुदत दिली.

पहिलं कार्ड केंद्रावर मिळणाऱ्या चिठ्ठीचं होतं. स्केचपेनने तीन नमुने काढले आणि खऱ्या चिठ्ठीबरोबर हातात दिले. पाच माणसांवर तपासलं तर बहुतेक अडचणी दिसतात, हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचं २०००चं म्हणणं आमच्या क्षेत्रात सगळे सांगतात. पण ते एकाच प्रकारच्या वापरणाऱ्यांबद्दल आहे. सचिव वेगळे, दूध घालणाऱ्या वेगळ्या, म्हणून दोघांचे पाच-पाच धरले. एका नमुन्यात आम्ही रक्कम सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत घेतली होती. वाचता न येणाऱ्या एक आजी त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे लिटर हाय ना?" त्या आकडा जागेवरून ओळखत होत्या: पहिला लिटरचा, दुसरा फॅटचा. कार्यालयात बसून हे आम्हाला कधीच सुचलं नसतं. क्रम जुनाच ठेवला, आकडे मोठे केले आणि आजच्या फॅटशेजारी मागच्या वेळचं फॅट छापायचं ठरवलं.

पंधरा दिवसांत चिठ्ठी एका केंद्रावर छापली जाऊ लागली, आणि तिसऱ्या दिवशी सचिवांचा फोन आला: सकाळी सकाळी सगळे भांडायला येताहेत, फॅट कमी लागलं म्हणून. सकाळच्या धारेपेक्षा संध्याकाळच्या धारेला फॅट बहुधा जास्त असतं, कारण दोन धारांमधलं दिवसाचं अंतर रात्रीपेक्षा कमी. आम्ही सकाळच्या आकड्याशेजारी आदल्या संध्याकाळचा आकडा छापत होतो. पुढच्याच स्प्रिंटमध्ये सकाळशेजारी सकाळ आणि संध्याकाळशेजारी संध्याकाळ असं केलं.

स्केचपेनच्या चिठ्ठीवरचे आकडे खोटे होते, त्यामुळे ही चूक कागदी नमुन्यात दिसणं शक्यच नव्हतं. ती दिसली खरं सॉफ्टवेअर लवकर हातात पडल्यामुळे, आणि निस्तरली पंधरवड्याच्या चक्रामुळे. आजींचं बोट दिसलं ते मात्र बांधायच्या आधी तिथे जाऊन उभं राहिल्यामुळे. दोन्हींतलं एकच असतं तर आमच्या हातात आणखी एक न वापरलेली गोष्ट आली असती.

आमच्या फळ्यावर आता 'झालं' या रकान्यापुढे 'रुजलं' असा एक रकाना आहे. केंद्रावर दहा दिवसांचं पूर्ण बिल नव्या पद्धतीने निघालं की कार्ड तिकडे जातं. दहा दिवसांचं बिल आणि पंधरवड्याचा स्प्रिंट जुळत नाहीत, त्यामुळे काही कार्डं तीन-तीन आठवडे मधेच थांबतात. टेस्टरला ते खटकतं, आणि तिचं म्हणणं मला पटतं. स्प्रिंट दहा दिवसांचा करून बघावा, असं तिनेच सुचवलं आहे.

ॲप अजून आहे. त्यातलं हवामान काढलं. पुण्यातल्या मुलांसाठी काही ठेवायचं का, हा प्रश्न शोधाच्या कार्डावर आहे. येत्या मंगळवारच्या पहाटे टेस्टर आणि तो अबोल डेव्हलपर निघतील.