तुम्ही विचारलंत म्हणून: तो माणूसच तसा आहे की मलाच जास्त लागतं?

महिला मंडळाच्या समुपदेशन केंद्रात बसायला लागल्यापासून एकच प्रश्न माझ्यासमोर पुन्हापुन्हा येतो. "ताई, तो माणूसच तसा आहे, की मलाच जास्त लागतं?" धरमपेठेतली प्राध्यापिका हे विचारते आणि इतवारीत दुकानावर बसणारा मुलगाही विचारतो. समोरचा माणूस 'टॉक्सिक', म्हणजे सोबतच्याला आतून पोखरणारा, आहे असा संशय असतो, खात्री नसते, आणि असा संशय आला म्हणून स्वतःलाच अपराधी वाटत असतं.

बोलण्याच्या सुरावरून काही ठरवू नका, आपल्या नागपुरात तर नाहीच. इथे जिवलग मित्रही "काऊन बे, मेला होता का इतके दिवस?" असंच विचारतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की घरोघरी आवाज चढतात. फटकळ काका चारचौघांत बोलून मोकळे होतात, आणि तुम्ही दवाखान्यात ॲडमिट असलात की रात्रभर बाकड्यावर तेच बसलेले असतात. अशा माणसाचा राग येतो, पण त्याचा फोन आला म्हणून पोटात गोळा येत नाही. माझ्याकडे आलेली, आतून पार पोखरली गेलेली माणसं बहुतेक करून गोड बोलणाऱ्यांनी पोखरलेली होती.

मग बघायचं काय? एकदा, एकांतात, शांतपणे सांगा की तुमची अमुक गोष्ट मला लागली. त्यानंतर ते माणूस काय करतं, तिथे बारीक लक्ष द्या. एका ऑफिसातल्या मुलीचं सांगते. वरिष्ठ बाई रोज डबा खाताना तिच्या रंगावरून काहीतरी बोलायच्या आणि सगळे हसायचे. मुलीनं बाईंना बाजूला घेऊन सांगितलं. "मी असं बोललीच नाही," हे पहिलं उत्तर. लगेच दुसरं, "तुलेच सवय आहे राईचा पहाड करायची." आणि चार वाजेपर्यंत बाईंच्या डोळ्यांत पाणी, बीपीची गोळी, टेबलाटेबलावर निरोप की आजकालच्या पोरींना काही बोलायची सोयच राहिली नाही. दुसऱ्या दिवशी माफी कोणी मागितली? त्या मुलीनं!

आधी नाकारायचं, मग उलटून बोलायचं, शेवटी आपणच सोसणारे व्हायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी १९९७ मध्ये हा क्रम मांडला तो अत्याचार करणाऱ्यांच्या संदर्भात, पण डब्याच्या टेबलावरही तो जसाच्या तसा दिसतो. ज्याला खरंच कळलेलं नसतं, तो माणूस ओशाळतो. चुकून पुन्हा बोललाच तर स्वतःच जीभ चावतो.

"पण कधीकधी तो इतका चांगला वागतो हो," असं सांगताना बायका रडतात. मध्येच एखाद्या संध्याकाळी फुटाळा तलावावर फिरायला नेतो, संत्रा बर्फी घेऊन येतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत दिसलं होतं की दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, तर कबुतर चोच मारणं लवकर सोडत नाही. माणसाच्या बाबतीतही असंच घडताना मी पाहते. म्हणून सहन करत राहिलेल्या बाईला कोणी मूर्ख म्हटलं की माझ्या जिवाला लागतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत मारबतीचा पुतळा गावाबाहेर काढतो. नात्यातलं माणूस असं काढता येत नाही. तेव्हा त्याला 'तू टॉक्सिक आहेस' असं तोंडावर म्हणून काही साधत नाही, भांडणाला नवा विषय मिळतो इतकंच. पगार, मुलांचे मार्क, माहेरची दुखणी, यातली कुठलीही माहिती त्याच्या हाती देऊ नका. उत्तर छोटं आणि प्रत्येक वेळी तेच द्या: "मला हे जमणार नाही." कारणं सांगायला गेलात की तो एकेक कारण खोडत बसेल. एका वहीत तारीख टाकून शब्दन् शब्द लिहा, कोण हजर होतं तेही लिहा. "मी असं बोललोच नाही" हे ऐकून ऐकून स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडतो, तो या वहीनं परत येतो.

सगळी नाती तोडा असं मी कुणालाच सांगत नाही. माझ्याकडे येणारी एक बाई महालक्ष्म्यांच्या जेवणाला भावाकडे जाते, वाढू लागते, आणि वाटणीचा विषय निघाला की पर्स उचलते. वहिनी बोलायची ते अजूनही बोलते. हिची झोप मात्र सुधारली आहे.

मारहाण, धमकी, पैसे अडवणं, घराबाहेर पडू न देणं इथवर गोष्ट गेली असेल, तर वही आणि छोटी उत्तरं पुरणार नाहीत. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही धरला आहे, नुसती मारहाण नव्हे. त्याखाली महिलेला संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. महिला हेल्पलाइन १८१ आहे. पुरुष असो की बाई, मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, आणि तिथे मराठीत बोलता येतं.